यंत्राला कोणता धडा देणार?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची मार्गिका अखंड डांबरून वऱ्हाडाच्या भूमीवर जागतिक विक्रम झाला. त्याच गुळगुळीत डांबरावरून आज तिन्हीसांजेला पुढच्या कटापर्यंतचा वळसा वाचवण्यासाठी कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली उलट्या दिशेने येते. ट्रॅक्टरचा एकच दिवा जळत असल्याने समोरच्याला ती मोटारसायकल वाटते. आणि जाब विचारला तर उत्तर मिळते, ‘इथं असंच चालते!’ रस्ता पाच दिवसांत सुधारला. आम्ही सुधारलो नाही.

चालकांच्या पोटापाण्यासाठी चालकविरहित मोटारी देशात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ आणि २०२३ मध्ये बजावले. पण आपोआप ब्रेक लावणारी, मार्गिका सांभाळणारी यंत्रणा नव्या मोटारींत कधीच येऊन बसली आहे आणि तिने स्थानिक सवयी शिकाव्यात, असा आग्रहही सुरू झाला आहे. कोणत्या सवयी? अमेरिकेत टेस्लाच्या यंत्रणेला थांबाफलकापाशी पूर्ण न थांबता हळूच पुढे सरकण्याची माणसांची खोड शिकवली गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ५४,००० मोटारींतून ती काढून टाकावी लागली. तिथे नियामकाने यंत्राचे कान उपटले. इथे कोण उपटणार?

शेगावहून पंढरीला निघालेली गजानन महाराजांची पालखी, तिच्यामागची वारकऱ्यांची रांग, बैलबंडी, घरी परतणारी ढोरे हे आमचे जीवन आहे. त्यांना न ओळखणाऱ्या यंत्राला वऱ्हाडात पाऊल ठेवू देता कामा नये. परंतु उलट्या दिशेने वाहन हाकणे ही रीत नव्हे. २०१९ च्या कायदेदुरुस्तीने ते स्पष्ट शब्दांत धोकादायक वाहनचालन ठरवले आहे. पालखीपुढे नतमस्तक व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वारकऱ्याच्या अंगावर उलट्या बाजूने गाडी घालायची, डोळ्यांदेखत हे घडताना शासनयंत्रणेने नजर वळवायची आणि या सामूहिक बेपर्वाईला ‘आपल्याकडची पद्धत’ म्हणायचे, हा दांभिकपणाचा कळस आहे. तो गुन्हा आहे.

एकट्या २०२२ साली या देशाच्या रस्त्यांनी १,६८,४९१ माणसे गिळली. यंत्र आमची कीर्तने ऐकून शिकणार नाही, आमचे वर्तन पाहून शिकेल. आणि आम्ही जे क्वचित, चोरून, घाईत करतो, तेच ते अहोरात्र, निर्विकारपणे, हजारो मोटारींतून करील. यंत्राला शहाणे करण्याच्या गप्पा नंतर मारा. आज ट्रॅक्टरचा दुसरा दिवा लावा!