वारसा आणि व्यवहार : गोदामातील जुनी जीप



पश्चिम महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावातून आलेले एका भगिनींचे पत्र या वेळी विचारार्थ घेत आहे. त्यांचे सासरे हळद-गुळाचे व्यापारी होते. आठवडी बाजार, शेतकऱ्यांची देणी-घेणी, पावसाळ्यातील चिखलवाटा, या सर्व कामी त्यांची १९७१ सालची नोंद असलेली उंच बॉनेटची पेट्रोल जीप असे. सासरे निवर्तल्याला दोन वर्षे झाली. जीप गोदामात उभी आहे. थोरले दीर म्हणतात, मोडीत काढून जागा मोकळी करावी. यजमानांना ती वडिलांच्या वेळी होती तशीच करून ठेवायची आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाला मोठे टायर, नवे डिझेल इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग बसवून ती डोंगरात न्यायची आहे. ताई लिहितात, "वाहन एक आणि मते तीन झाली आहेत. जेवणाच्या पानावरही आता हाच विषय निघतो. कोणाचे ऐकावे?"

प्रश्न वरकरणी वाहनाचा असला, तरी त्यात कायदा, पैसा, सुरक्षितता आणि भावाभावांतील सलोखा असे चारही विषय गुंतलेले आहेत. म्हणून क्रमाने पाहू.

प्रथम या वाहनाची ओळख करून घेऊ. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या वाहनाची मागणी नोंदवली आणि त्यातून जीप जन्मास आली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आपल्याकडे महिंद्र बंधूंच्या कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीजच्या परवान्याने जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे रूप येथेच तयार होऊ लागले आणि अनेक दशके चालले. बॉनेट उंच होण्याचे कारण शोभेचे नव्हते. त्या इंजिनात हवा-इंधन आत घेणाऱ्या झडपा डोक्यावर बसवल्यामुळे इंजिनाचीच उंची वाढली आणि त्याला सामावून घेण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. ताईंच्या गोदामातील जीप याच घराण्यातील असावी.

आता पहिला विषय, कागदपत्रांचा. मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी नोंदणीपुस्तक हाती घ्यावे आणि त्यातील चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. अनेक जुन्या जीपमध्ये मधल्या काळात इंजिन बदललेले असते आणि पुस्तकात त्याची नोंद नसते. ही तफावत आज उघडकीस आली तर मार्ग काढता येतो, सगळा खर्च झाल्यावर आली तर तो खर्चच अडकतो.

गाडी अद्याप सासऱ्यांच्या नावावर आहे. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावे आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतर मागावे, असा नियम आहे. येथे मुदत उलटून गेली असल्याने विलंबाचे शुल्क भरावे लागेल. परंतु खरी अडचण शुल्काची नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ जैन कुटुंबांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर सासूबाई, दोन्ही भाऊ आणि विवाहित नणंदा असल्यास त्याही, असे सर्वच या गाडीचे हक्कदार ठरतात. एकाच्या नावे हस्तांतर करायचे, तर इतरांचे संमतिपत्र लागते. म्हणजे "काय करावे" हे ठरण्याआधी "कोणाची" हे ठरले पाहिजे. हे लिखित झाल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नये. अन्यथा ज्याने खर्च केला तो पुढे गाडी आपलीच समजतो, आणि ज्याने केला नाही तो आपला वाटा विसरत नाही. अशा लहानशा वस्तूंवरून पेढ्या दुभंगल्याचे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

खासगी वाहनाची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर वेळी ५ वर्षांची मुदत वाढवून मिळते. नोंदणी खंडित असल्यास थकलेला कर, दंड आणि जुनी नोंद संगणकीय 'वाहन' प्रणालीत चढवणे, ज्याला कार्यालयात 'बॅकलॉग एन्ट्री' म्हणतात, एवढे सोपस्कार करावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे, परंतु अशक्य नाही.

आता तिन्ही मते एकेक करून तपासू.

थोरल्या दिरांचे मत अव्यवहारी नाही. गोदामातील जागेला भाडे असते, आणि उभी गाडी दरवर्षी थोडी थोडी गंजत असते. मात्र मोडीत काढायची तर गावच्या भंगारवाल्यास वजनावर देऊ नये. शासनमान्य वाहन मोड केंद्रात द्यावी, तेथील प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. त्या प्रमाणपत्रावर नवे वाहन घेताना मोटार वाहन करात सवलत मिळते. नोंदणी रद्द न करता विकलेल्या गाडीचा चेसिस क्रमांक उद्या भलत्याच गाडीवर आढळला, तर चौकशी कैलासवासी सासऱ्यांच्या नावाने घरी येईल.

यजमानांचे मत, म्हणजे मूळ रूपात जतन. २०२१ मध्ये केंद्र शासनाने जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' अशी स्वतंत्र नोंदणी आणली. ५० वर्षांपेक्षा जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन त्यास पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. ताईंची जीप वयाच्या अटीत बसते. परंतु या नोंदणीची दोन बंधने आहेत. एक, ती गाडी रोजच्या वापरासाठी वा व्यवसायासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज फेरी, दुरुस्ती, इंधन अशाच कारणांसाठी काढता येते. दोन, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी व्हिंटेज ठरत नाही.

या दुसऱ्या बंधनापाशी वडील आणि मुलगा यांची वाट वेगळी होते. मुलाने योजलेले इंजिन एकदा बसले, की यजमानांचा मार्ग बंद होतो. म्हणून हा निर्णय आधी झाला पाहिजे, "करून तर पाहू" असे म्हणून चालणार नाही.

मुलाच्या मताकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेला आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच प्रकारचे व बनावटीचे इंजिन बदलून बसवायचे असल्यास परवानगीची तरतूद आहे, परंतु पेट्रोल जीपला मनाजोगे भलते डिझेल इंजिन, ही त्यातील गोष्ट नव्हे. बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. त्याहून गंभीर बाब विम्याची. न कळवलेला बदल असलेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि समोरच्याची भरपाई कुटुंबाच्या तिजोरीतून द्यावी लागू शकते. व्यापारी घराने हा धोका पत्करू नये.

मग या तरुणाच्या उत्साहाला वावच नाही का? आहे, आणि तो इंजिनापेक्षा अधिक मोलाच्या जागी आहे. या जीपची खरी उणीव तिच्या शक्तीत नसून थांबण्यात आहे. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि त्यांना तेल पुरवणारा मार्ग एकच असतो. एका चाकाजवळ नळी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी निकामी होतात. म्हणून पहिला खर्च ब्रेकवर करावा: नव्या नळ्या, नवे व्हील सिलिंडर, नवे लायनर, आणि तपासणी अधिकाऱ्यास आधी विचारून, पुढील व मागील चाकांचे मार्ग वेगळे करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर.

थोडे गणित मांडू. या जीपच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ५.३८ असते. म्हणजे शेवटच्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होताना इंजिन ५.३८ फेरे घेते. ६.०० × १६ मापाच्या मूळ टायरवर ताशी ७० किलोमीटर वेगाने इंजिन मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते, आणि ताशी १०० च्या वेगाला ४,००० फेरे, म्हणजे जवळजवळ त्याची मर्यादाच गाठते. ही गाडी चिखलातून आणि चढावरून हळूहळू ओढत नेण्यासाठी घडवली होती. महामार्गावर पळण्यासाठी तिला बदलू लागलो, तर गुणोत्तर, ब्रेक, स्टिअरिंग, पाटे असे एकामागून एक सर्व बदलावे लागते, आणि शेवटी वडिलांची म्हणावी अशी केवळ नंबरप्लेट उरते. मुलाला डोंगरात वेगाने आणि निर्धास्त जायचे असेल, तर २०१० पासून बाजारात आलेल्या थारसारख्या वाहनाचा स्वतंत्र विचार करावा. तो खर्च या खात्यात मिसळू नये.

जीर्णोद्धाराचे काम हाती घेतलेच, तर त्याचा क्रम असा ठेवावा. बंद इंजिन उत्साहाच्या भरात एकदम सुरू करू नये. टाकीतील जुने पेट्रोल काढावे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे आणि मग हँडलने हाताने फिरवून पाहावे. सहज फिरले तर पुष्कळ खर्च वाचला असे समजावे. नंतर बॉडी उतरवून चेसिस पाहावी. पाटे जेथे चेसिसला जोडलेले असतात तेथे भेगा असतात, आणि रंगाखाली त्या दिसत नाहीत. चेसिस कुजलेली असेल तर तेथेच थांबून पुन्हा विचार करावा. चेसिस ठीक असल्यास पुढील क्रम असा: ब्रेक, स्टिअरिंग व किंगपिनची बेअरिंग, पाट्यांचे बुश, वायरिंग, इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग. पुष्कळ गॅरेजांत हा क्रम उलटा असतो. रंग आधी लागतो, मालक खूश होतो, पैसे संपतात आणि गाडी आतून तशीच राहते.

दोन सूचना विशेष. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात वा चिरतात, मग पेट्रोल गळते आणि आग लागण्याचा संभव निर्माण होतो. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणारे घ्यावेत. दुसरे, चारही चाकांची गती केवळ चिखल, वाळू वा ओल्या चढावर वापरावी. पुढील व मागील धुरांच्या मध्ये फरक सामावणारी रचना या गाडीत नसल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून वळण घेतले, की गिअरांवर आणि धुरांवर ताण येतो. आसनांचा प्रश्नही काही वाचक विचारतील. या जीपला चामड्याची आसने कधी नव्हतीच, ती कॅनव्हास व रेक्झिनची होती. तेव्हा मूळ रूप राखताना तेथे कोणताही संकोच उद्भवत नाही.

हिशेबाविषयी शेवटचे. जीर्णोद्धार हा गुंतवणुकीचा व्यवहार नव्हे. घातलेले पैसे विक्रीत परत मिळतीलच असे समजून यात पडू नये. तीर्थयात्रेच्या वा घरच्या मंगलकार्याच्या खर्चाप्रमाणे तो आनंदाचा खर्च मानावा आणि त्यास आधीच मर्यादा घालावी. त्या रकमेचे वेगळे खाते उघडावे, प्रत्येक सुट्या भागाची पावती व काढलेल्या भागाचे छायाचित्र ठेवावे, आणि मिस्त्रीला उचल देण्याऐवजी टप्प्याटप्प्याने काम पाहून पैसे द्यावेत.

ताई, माझे मत विचाराल तर असे. सासूबाईंच्या उपस्थितीत दोन्ही भावांनी बसून गाडी एकाच्या नावे करण्याचा लेखी निर्णय घ्यावा. आपले यजमान ती स्वीकारत असतील, तर थोरल्या दिरांना गोदामाची जागा ठरल्या दिवशी मोकळी करून द्यावी, कारण त्यांची तक्रार रास्त आहे. गाडी मूळ रूपातच राखावी आणि कामाची सूत्रे मुलाच्या हाती द्यावीत. इंजिन बदलण्यापेक्षा पन्नास वर्षांपूर्वीचे इंजिन उघडून, मोजून, पुन्हा बसवण्यात त्याची विद्या अधिक पणास लागेल, आणि आजोबांनी वापरलेले यंत्र त्याला आतून कळेल. चेसिसच कुजलेली निघाली, तर थोरल्या दिरांचे मत मान्य करावे आणि स्टिअरिंगचे चक्र किंवा बॉनेट तेवढे घरी ठेवावे. निर्णय कोणताही होवो, तो सर्वांच्या संमतीने आणि कागदावर झाला, म्हणजे जेवणाच्या पानावरील हा विषय आपोआप मिटेल.

वाचकांनी आपल्या घरातील अशा वारशाच्या वस्तूंविषयी अवश्य लिहावे. पुढील अंकी जुन्या पेढीच्या तिजोरीचा आणि तिच्या हरवलेल्या किल्ल्यांचा प्रश्न घेऊ.