जो राहतो, त्याच्या नावाने जोडणी

मे महिना सरत आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या दारात सामानाचे टेम्पो दिसू लागतात. कुणाचा अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो, कुणाला मुलांच्या शाळेजवळ राहायचं असतं, कुणी लातूर-जळगावहून नोकरीसाठी आलेलं असतं. सामान दुपारपर्यंत वर चढतं. खटाटोप त्यानंतर सुरू होतो. लाइट कुणाच्या नावावर आहे? मागची बाकी किती? संध्याकाळच्या स्वयंपाकाला सिलिंडर कुठून आणायचा?

गॅस एजन्सीच्या खिडकीशी पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘लाइट बिल आणलंय का?’ बिल असतं, पण घरमालकाच्या नावाचं. आधार कार्डावर गावाकडचा पत्ता. भाडेकरार पुढे केला तर एका एजन्सीत चालतो. दुसरीकडे ‘मालकांचं संमतिपत्र आणा’ म्हणून परत पाठवतात. मालक परगावी असले की त्या एका सहीसाठी आठवडे जातात आणि तोवर घर इंडक्शन शेगडीवर किंवा डब्यावर चालतं.

हा त्रास टाळता येण्यासारखा आहे, कारण निदान विजेच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तरी वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूच्या वीजजोडणीशी संबंधित प्रकरणात हेच अधोरेखित केलं. वीज ही मूलभूत गरज आहे, मालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढंच कंपनीने पाहायचं. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन नव्या जोडणीची मुदतही घटली: महानगरांत सातवरून तीन दिवस, इतर नागरी भागांत पंधरावरून सात आणि ग्रामीण भागात तीसवरून पंधरा दिवस. डोंगराळ ग्रामीण भागासाठी तीस दिवस कायम आहेत.

मग अडतं कुठे? ताबा सिद्ध करण्यापाशी. आणि इथे महाराष्ट्राकडे एक भक्कम कागद आधीच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मुद्रांक शुल्क भरलेला, दोघांचे अंगठे आणि फोटो असलेला, सरकारच्याच संगणकात बसलेला हा करार आहे. तो हातात असताना भाडेकरूकडे आणखी एक संमतिपत्र मागण्याला काहीच अर्थ नाही.

विकत घेतलेल्या घरातही नावाचा घोळ संपत नाही. वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्या नावाने बिल भरत राहणारी कुटुंबं कमी नाहीत. बिल वेळेवर भरलं जातंय ना, मग नाव बदलायची घाई कशाला, असा विचार असतो. पण जुनी थकबाकी जागेच्या मागे येऊ शकते. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची बाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याचा अधिकार वीज कंपनीला आहे. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाच्या नियमांनी वारस नसलेल्या नव्या मालकासाठी ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बाकीपुरती ठेवली आहे. हे ठाऊक नसल्यामुळे लोक एकतर सगळी रक्कम भरून मोकळे होतात, नाहीतर चकरा मारत राहतात.

म्हणूनच किल्ली घेतल्या दिवशी जिन्याखालच्या मीटर रूममध्ये जायला हवं. तिथे वीस-पंचवीस मीटर ओळीने लटकलेले असतात, कुठे खडूने तर कुठे मार्करने फ्लॅट नंबर लिहिलेला, अर्धा पुसलेला. घरातला गीझर लावायचा आणि खाली येऊन आपल्या नंबरच्या मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकतोय का ते बघायचं, गीझर बंद केल्यावर तो मंदावतो का तेही बघायचं. दिवा भलत्याच मीटरवर नाचत असेल तर आजवरची बिलं भलत्यानेच भरली आहेत. खात्री पटली की बिलावरचा मीटर क्रमांक ताडून रीडिंगचा फोटो काढून ठेवायचा. पुढे वाद झाला तर हाच पुरावा कामी येतो.

गॅसच्या बाबतीत गाव बदलताना जुन्या एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं असतं. अनामत परत मिळते, पण भरली होती तेवढीच. नव्या गावी मात्र चालू दराने भरावी लागते. जून २०२२ मध्ये १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत १,४५० वरून २,२०० रुपये झाली. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला हा फरक सोसावा लागतो. त्याऐवजी जुनी अनामतच पुढे चालू धरली पाहिजे.

पत्त्याच्या पुराव्यावर तोडगाही सरकारनेच एकदा काढून दाखवला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांसाठी रेशन कार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र पुरेसं मानलं गेलं. पाच किलोचा छोटा सिलिंडरही केवळ ओळखपत्रावर मिळतो. जो विश्वास तिथे ठेवता आला, तो नोंदणीकृत करार घेऊन आलेल्या भाडेकरूवर ठेवायला हरकत काय?

राज्य सरकारने आता दोन गोष्टी कराव्यात. भाडेकरार किंवा खरेदीखत नोंदवतानाच वीज ग्राहक क्रमांक घ्यावा आणि ती माहिती थेट महावितरण, बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरकडे जावी, म्हणजे नावबदलाचा वेगळा अर्ज आणि त्यामागची पायपीट उरणार नाही. आणि पत्त्यासाठी कोणते कागद चालतात, त्याची मराठी यादी प्रत्येक गॅस एजन्सीच्या दर्शनी भागात लागावी, नोंदणीकृत भाडेकरार त्यात पहिल्या क्रमांकावर असावा, यासाठी तेल कंपन्यांकडे आग्रह धरावा. तोवर वीजजोडणी अडवली गेली तर नकार लेखी मागावा आणि ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावं. तिथेही दाद मिळाली नाही तर विद्युत लोकपालांचं दार मुंबई आणि नागपूर, दोन्हीकडे उघडं आहे.