आधी मोरीला विचारा!

वॉशिंग मशीन नेमकं शनिवारी सकाळीच का बंद पडतं, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी. आठवडाभराचे कपडे आत, सोमवारच्या प्रेझेंटेशनचा शर्ट फेसात आणि स्क्रीनवर दोन इंग्रजी अक्षरं लुकलुकतायत. मग फोन, मग व्हिजिट चार्ज आणि मग पाच मिनिटांत निकाल, "मॅडम, बोर्ड गेलंय. यात थोडे पैसे टाकले तर नवीन मशीनच येईल."

थांबा! पाकिटात हात घालण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. मशीन बिघडलंय, की त्याचं तुमच्या घराशी पटत नाहीये?

गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये राहणाऱ्यांनी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण मशीन बनवणाऱ्याने काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. नळाला दमदार पाणी, प्लगमागे खरंखुरं अर्थिंग, सपाट फरशी आणि पाणी सोडायला योग्य उंचीवर पाइप. आणि आपल्याकडे काय असतं? मोरी! उताराची, जमिनीलगत जाळी असलेली, अंघोळ, भांडी आणि पाण्याचं पिंप या सगळ्यांना पुरून उरलेली. नव्वदच्या दशकात औरंगाबादच्या व्हिडिओकॉनची सेमी ऑटोमॅटिक मशीन्स चाळीतल्या खोल्यांत रुळली, ती उगाच नाही. चाकं होती, कोपऱ्यातून मोरीपर्यंत ढकलत आणायचं, बादलीने पाणी भरायचं, काम झालं की परत कोपऱ्यात. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण तिची कितीतरी मशीन्स पुढेही घरघरत राहिली. आपण मात्र त्याच मोरीत आता फुल्ली ऑटोमॅटिक फ्रंट लोड आणून ठेवलंय आणि ते रुसलं की आश्चर्य करतोय.

थांबलं कुठे?

परळला छोटंसं वर्कशॉप असलेले एक मेकॅनिक काका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना फोन करून "मशीन बंद पडलं" असं म्हटलं की ते वैतागतात. "बंद पडलं म्हणजे काय? पाणी घेताना थांबलं, धुताना, पाणी सोडताना की पिळताना, ते सांगा. निम्मं काम तिथेच होतं."

हाच त्यांचा फंडा आहे आणि तो सॉलिड आहे. मशीन चारच कामं करतं. पाणी घेणं, कपडे घुसळणं, पाणी सोडणं, पिळणं. ज्या टप्प्यावर ते अडतं, तिथेच दुखणं शोधायचं. पाणी घेताना अडलं तर नळ, जाळी, दाब बघा. सेमी ऑटोमॅटिकची मोटर नुसतीच गुणगुणतेय आणि फिरत नाहीये? बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो, जो मोटरच्या मानाने अगदीच किरकोळ खर्च. मोटर फिरतेय पण कपडे ढिम्म? बेल्ट सैल झालाय. पाणी सुटत नाही? फिल्टर किंवा नळी. पिळत नाही? झाकणाचा स्विच, नाहीतर एका बाजूला जमलेले कपडे. बोर्डाचा नंबर यानंतर लागतो.

पाणी येतंय, पण जोर कुठंय?

मुंबईला पाणी देणारे सात तलाव आपण शाळेत पाठ केलेत. तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, भातसा, अपर वैतरणा, मध्य वैतरणा. तिथून शेकडो कोटी लिटर पाणी रोज निघतं, पण तुमच्या मशीनला त्यातलं फक्त शेवटचं तीन मीटर कळतं! कसं ते बघा. पाण्याची टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. बऱ्याच फ्रंट लोड मशीनना किमान ०.३ बार लागतो, म्हणजे टाकी निदान ३ मीटर वर हवी. आता खोलीतल्या माळ्यावरच्या पिंपाचा विचार करा. ते असतं जेमतेम दीड-दोन मीटर वर. मशीनच्या आतला व्हॉल्व्ह नीट उघडतच नाही, ठरलेल्या वेळेत पाणी भरत नाही आणि मशीन एरर दाखवून संप पुकारतं.

हीच गंमत टॉवरमध्येही होते बरं का! गच्चीवरच्या टाकीखालचा सगळ्यात वरचा मजला, म्हणजे सगळ्यात महागडा फ्लॅट, आणि पंप नसेल तर तिथेच दाब सगळ्यात कमी.

उपाय काय? टाकीच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप लावता येतो. पण पालिकेच्या लाइनला थेट पंप लावून पाणी ओढायचं नाही. ते बेकायदा आहेच, शिवाय गळक्या जोडातून बाहेरची घाण आत खेचली जाते. पंप नको असेल, तर सेमी ऑटोमॅटिक घेण्यात कसलाही कमीपणा नाही. त्याला दाबाचं टेन्शनच नाही.

आणखी एक. दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी पहिली धार गढूळ येते, आठवतंय? तो गाळ मशीनच्या मागे, नळी जिथे जोडतात तिथल्या इवल्याशा जाळीत अडकतो. नळ बंद करा, नळी सोडवा, जाळी पक्कडीने हळूच ओढा, जुन्या टूथब्रशने घासा. दहा मिनिटांचं काम आहे आणि "पाणी घेत नाही" ही तक्रार कितीदा इथेच संपते.

नळी वर की खाली?

हा आमच्या मोरीचा खास आजार. फ्रंट लोड मशीन पंपाने पाणी बाहेर फेकतं. त्याच्या नळीचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटर वर अडकवायचं असतं. आपण काय करतो? नळी सरळ मोरीत टाकून देतो. मग सायफन सुरू होतो. मशीन वरून पाणी घेतंय आणि खालून ते वाहून जातंय. मशीन बिचारं भरतच राहतं आणि शेवटी पाणी येत नाही म्हणून बोंब मारतं. पाण्याचं वाटोळं होतं ते वेगळंच.

टॉप लोडची गोष्ट बरोब्बर उलटी. आपल्याकडच्या बहुतेक टॉप लोडमध्ये पाणी उताराने जातं, म्हणून नळी खालीच हवी. ती खिडकीच्या कठड्यावर टांगली की पाणी आतच तुंबतं. तुमचं मशीन कुठल्या जातीचं आहे ते मॅन्युअलमध्ये बघा.

झिणझिण्या हा जोक नाही

आता जरा सीरियस. माझी मावशी गिरगावात, जुन्या वाडीतल्या लाकडी जिन्याच्या बिल्डिंगमध्ये राहते. एकदा तिच्या मशीनला हात लावला आणि बोटांना मुंग्या आल्या. मी ओरडलेच. मावशी शांतपणे म्हणाली, "अगं, थोडं झिणझिणतं. पायात स्लीपर घालायची आणि हात पुसून बटण दाबायचं. सवय झालीये आता."

सवय! दोन वर्षं ती असं चालवत होती. इलेक्ट्रिशियनने प्लग उघडला तर तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. जुन्या वायरिंगमध्ये दोनच तारा. कुणीतरी पुढे तीन पिनांचा बोर्ड बसवला, पण अर्थ दिलाच नाही. काही घरांत ही वायर पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असते आणि तो पाइप बदलून प्लॅस्टिकचा केला की तीही निकामी होते. कुणाला पत्ताही लागत नाही.

या झिणझिण्यांमागचं कारण समजून घ्या. इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये वीज स्वच्छ करणारा एक फिल्टर असतो. त्यातून अगदी नगण्य करंट अर्थला जाणं अपेक्षित असतं. अर्थच नसेल तर तो मशीनच्या पत्र्यावर राहतो. एवढ्याने जीव जात नाही. पण उद्या पाणी तापवणारा हीटर फुटला, किंवा एखादी वायर सोलली जाऊन पत्र्याला टेकली, तरी सुरुवातीला तस्संच झिणझिणेल. आणि तुम्ही ओल्या मोरीत अनवाणी उभे असाल. सवय झालेल्या माणसाला यातला फरक कळणार कसा?

म्हणून मशीन झिणझिणलं की तो दिवस त्याचा सुट्टीचा. आधी मेन स्विच बंद, मग प्लग काढायचा आणि लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा. करंट वाट चुकून अंगातून जायला लागला की हा स्विच क्षणार्धात पुरवठा तोडतो. मीटर बेस्टचा असला तरी मीटरच्या पुढचं वायरिंग तुमची जबाबदारी. भाड्याने राहत असाल तर घरमालकाशी डिपॉझिटची घासाघीस करताना हेही विचारा. आणि कुणी "न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो" म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. मावशीने शेवटी अर्थिंग करून घेतलं. खर्च आला तो तिच्या मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही.

धडधड आणि खालचे शेजारी

थोडं गणित. ड्रमची त्रिज्या २४ सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला १००० फेरे. अर्धा किलो ओला टॉवेल एका बाजूला गोळा झाला, तर ड्रमवर सुमारे १३० किलो वजनाएवढा जोर पडतो, तोही दर फेरीला दिशा बदलत! म्हणूनच शहाणं मशीन पिळायला नकार देतं. तो बिघाड नाही, समजूतदारपणा आहे. एकटी जाडजूड चादर धुवायला टाकू नका, सोबत दोन-चार छोटे कपडे टाका.

नवीन मशीन पहिल्याच दिवशी नाचायला लागलं, तर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत का ते बघा. मोरीच्या उतारावर पाय फिरवून लेव्हल करा. आणि लाकडी तुळयांच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मशीन खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत ठेवा, पिळण्याचा वेगही कमी ठेवा. खालच्या मजल्यावरच्या काकू दुवा देतील.

उंदीर, झुरळं आणि गुलाल

लालबाग-परळमध्ये मशीनचा खरा शत्रू शेपटीवाला असतो. अनेक टॉप लोड मशीन्स खालून उघडी असतात. उंदीर आत शिरतात, वायरी आणि नळी कुरतडतात. खालून बसवायची जाळी मिळते, ती पहिल्याच दिवशी लावून घ्या. झुरळांना बोर्डाची ऊब आवडते. चौपाटीजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने पत्रा गंजतो, तेव्हा ओल्या फरशीवर थेट न ठेवता स्टँड घ्या.

विसर्जनाहून आलेले गुलालाचे कपडे कोरडेच झटका, बादलीत एकदा खळबळा, मग मशीनमध्ये टाका. खिसे तपासा. माझ्या फिल्टरमधून आत्तापर्यंत नाणी, हेअरपिना आणि एक अख्खी सुपारी निघालीये.

पावडर कमी वापरा. तलावाचं पाणी मऊ असतं, त्यात फेस पटकन होतो. फ्रंट लोडला हाताने धुवायची पावडर तर नकोच. फेस जास्त झाला की मशीन उगाच खळबळत बसतं. क्षार काढायची महागडी पावडर दर महिन्याला घ्या, असा आग्रह झाला तर आधी नळाचं तोंड बघा. पांढरा थर नसेल तर घाई नाही. सोसायटीला टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल, तर मात्र ती हवीच.

"बोर्ड गेलंय" म्हणाले तर?

कधीकधी खरंच गेलेलं असतं. पण कशावरून गेलं, ते शांतपणे विचारा. पार्टचा नंबर बिलावर लिहून घ्या आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. वॉरंटी संपली असेल तर लॅमिंग्टन रोडला बोर्ड दुरुस्त करणारे भेटतात. सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलंय, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकांना द्यावी म्हणून. आपण विचारतोय, हे समोरच्याला कळलं तरी बराच फरक पडतो.

या रविवारी फक्त २० मिनिटं

• प्लग काढा, नळ बंद करा, मागची जाळी घासा.
• फ्रंट लोडचा खालचा फिल्टर उघडा. आधी ताट आणि फडकं ठेवा, पाणी येतंच.
• दाराचं रबर पुसा. पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते.
• नळीची उंची तपासा, वळ्या काढा.
• अर्थिंग शेवटचं कधी तपासलं, ते घरात विचारा. उत्तर आलं नाही, तर सोमवारी इलेक्ट्रिशियनला फोन.

आणि धुऊन झालं की दार थोडं उघडं ठेवा. मुंबईच्या दमट हवेत मशीनलाही वाळायला वेळ लागतो!