संघ कोणाचा?

खेळाच्या संघाला नाव देणे ही वरकरणी क्षुल्लक बाब वाटते. अकरा गडी, एक चेंडू आणि मोकळे मैदान एवढे जमले, की नाव कोणतेही असो, खेळ रंगतो. परंतु त्या नावाने कोणाला आत बोलावले आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हा प्रश्न क्षुल्लक नाही. आफ्रिका खंडाच्या पूर्वेस, हिंदी महासागरात वसलेल्या मॉरिशस या चिमुकल्या राष्ट्राला त्याचे उत्तर फार मोठे मोल देऊन शोधावे लागले.

हे बेट सुमारे ६५ किलोमीटर लांब व ४५ किलोमीटर रुंद आहे. एवढ्याशा भूमीवर वस्ती मात्र किती परींची! मळ्यांचे मालक असलेले फ्रेंच, आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज असलेले क्रिओल लोक, चिनी व्यापारी. आणि १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेले लक्षावधी भारतीय. त्यांत बिहारी होते, तमिळ व तेलुगू होते, तसेच मुंबई बंदरातून जहाजात चढलेले मराठी लोकही होते. गणेशचतुर्थीला आज त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. घरोघरी भाषा निरनिराळ्या. पण मैदानावर सोबत्याला हाक मारावयाची ती सर्वांना समजणाऱ्या क्रिओल बोलीतच.

बोली एक झाली, तरी फुटबॉलचे मोठे संघ मात्र जमातवार उभे राहिले. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा डोडो क्लब होता. (डोडो हा त्याच बेटावरचा, सतराव्या शतकात नामशेष झालेला पक्षी, संघाला त्याचे नाव देणाऱ्यांच्या मनात काय असेल, कोण जाणे!) अग्निशामक दलाच्या फायर ब्रिगेड संघामागे मुख्यतः क्रिओल प्रेक्षक उभे राहत. या संघांना केवळ दूषणे देणे अन्यायाचे होईल. परकीय अमदानीत, आठवडाभर दुसऱ्याच्या मळ्यात मान खाली घालून राबणाऱ्या माणसाला, आपला संघ जिंकताना पाहून मान वर करता येत असे. ज्याला अन्यत्र कोठेही मान नव्हता, त्याला तो येथे मिळाला.

तथापि या मानात एक विष दडलेले होते. गावाचा संघ हरला, तर त्या रात्री सारे गाव उदास असते. शेजारचा माणूसही तितकाच हळहळतो, आणि दुःख वाटले गेल्यामुळे हलके होते. जमातीचा संघ हरला म्हणजे मात्र भिंतीपलीकडचा शेजारीच विजयी ठरतो. त्याच्या घरातील हास्य आपल्या पराभवावरचे हास्य आहे असे वाटू लागते. चेंडू तर मैदानावरच राहतो, पण सामना गल्लीत येतो.

काही काळाने संघांची नावे बदलण्यात आली. मुस्लिम स्काउट्सचे स्काउट्स क्लब झाले, हिंदू कॅडेट्सचे कॅडेट्स क्लब झाले. पाटी बदलली; पाटीखाली जमणारी माणसे तीच राहिली. २३ मे १९९९ रोजी अंजले क्रीडांगणावर स्काउट्स क्लब व फायर ब्रिगेड यांच्यात अजिंक्यपदाचा सामना झाला व फायर ब्रिगेडने ते पद मिळविले. सामन्यानंतर दंगल उसळली. पोर्ट लुई या राजधानीच्या शहरात एका जुगारगृहाला आग लावण्यात आली आणि सात जीव होरपळून गेले. त्यांत लहान मुलेही होती. अंजले कुपेन ही उसाच्या मळ्यातील गरोदर मजूर स्त्री १९४३ च्या संपात पोलिसांच्या गोळीबारात मरण पावली. तिच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या क्रीडांगणावर हा सामना झाला होता, ही गोष्ट मनाला अधिकच चटका लावते.

त्यानंतर स्पर्धा थांबविण्यात आल्या आणि संघांची पुनर्रचना प्रदेशवार झाली. पोर्ट लुईचा, क्यूरपीपचा, सावान जिल्ह्याचा असे स्थळांच्या नावांचे संघ पुढे आले. हा निर्णय योग्य होता. जमात जन्माने मिळते, ती निवडता येत नाही. गाव मात्र राहण्याने आपले होते. काल बिऱ्हाड घेऊन आलेल्या कुटुंबातील मुलगाही आज गावाच्या संघाला 'आमचा' म्हणू शकतो. त्याचा देव कोणता, हे त्याला कोणी विचारण्याचे कारण उरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाकाऊ नाही. नव्या संघांच्या सामन्यांना पूर्वीची गर्दी लोटेनाशी झाली. जेथे हजारो लोक ओरडत, तेथे बाके रिकामी दिसू लागली. पुष्कळ जण दूरचित्रवाणीवर इंग्लंडमधील संघांचे सामने पाहण्यात दंग झाले. यावरून जुने संघच बरे होते असे म्हणणे म्हणजे तापाने अंग गरम होते म्हणून ताप हवा असे म्हणण्यासारखे आहे. पण नकाशावर रेषा ओढून जिव्हाळा निर्माण होत नाही, हेही तितकेच खरे. वरून दिलेले नाव खालपर्यंत मुरावे लागते.

मॉरिशसच्या लोकांना एकत्र आनंद करता येत नाही, असे मात्र मुळीच नाही. हिंदी महासागरातील बेटांच्या क्रीडास्पर्धा १९८५ साली मॉरिशसमध्ये भरल्या आणि यजमानांनी फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. त्या दिवसांतील एकोप्याची आठवण तेथील लोक पुढे वर्षानुवर्षे काढत राहिले. २००३ साली, म्हणजे त्या भीषण आगीनंतर अवघ्या चार वर्षांनी, त्याच स्पर्धा पुन्हा त्या देशात भरल्या; पुन्हा सुवर्णपदक यजमानांनाच मिळाले. देशाच्या संघासाठी एका बाकावर बसणारी माणसे गावाच्या संघासाठी का बसू नयेत? पण देशाचा संघ दोन-चार वर्षांनी एखादे पदक आणतो. गावाच्या संघाला दर आठवड्याला आपले प्रेम मिळवावे लागते. शाळा सुटल्यावर पोरे जेथे धुळीत चेंडू मारतात ते मैदान राखावे लागते, त्यांतला चपळ मुलगा हेरून त्याच गावाच्या संघात घ्यावा लागतो. मग रविवारी त्याची आई सामना पाहावयास येते, आणि तिच्याबरोबर भिंतीपलीकडची शेजारीणही येते.