पैशांचे गेम बंद झाले, आता शब्दांचे गेम? ‘मड’ म्हणजे काय आणि मराठीत ते का हवेत

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि लगेच ड्रीम11, एमपीएल यांनी पैसे लावून खेळायचे सामने बंद केले. आपल्याकडे कोल्हापुरात कट्ट्यावर यावर भरपूर चर्चा झाली, पण बहुतेक ‘आता टीम कुठं लावायची?’ एवढीच. या कायद्याचा दुसरा भाग मात्र कुणी फारसा वाचला नाही.

कायद्याने ऑनलाइन गेमचे तीन गट केलेत. पहिला मनी गेम. पैसे भरायचे आणि त्या बदल्यात पैसे जिंकायची आशा ठेवायची. कौशल्याचा असो की नशिबाचा, त्यावर बंदी. असा गेम चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. दुसरा गट ई-स्पोर्ट्स. तिसरा सोशल गेम, म्हणजे मनोरंजनासाठी किंवा काही शिकण्यासाठीचे गेम. यात वर्गणी घेता येते, फक्त ती पैज असता कामा नये. सोशल गेमना प्रोत्साहन देण्याची तरतूदही कायद्यात आहे.

या तिसऱ्या गटात सहज बसणारा आणि दोन-तीन पोरांना हॉस्टेलच्या खोलीत बसून बनवता येईल असा एक जुना प्रकार आहे. त्याचं नाव मड.

मड म्हणजे नेमकं काय?

मड म्हणजे मल्टि-यूजर डंजन. ग्राफिक्स नाही, चित्र नाही, फक्त मजकूर. सर्व्हरवर एक जग असतं: खोल्या, वाटा, वस्तू, पात्रं. तुम्ही कुठे आहात ते वाचायचं आणि काय करायचं ते टाइप करायचं. त्याच वेळी त्याच खोलीत दुसरी खरी माणसंही असतात. त्यांच्याशी बोलता येतं, लढता येतं, सौदा करता येतो.

समजा कुणी पन्हाळ्यावर असा गेम केला, तर स्क्रीनवर साधारण असं दिसेल:

तुम्ही तीन दरवाज्यापाशी उभे आहात. साल 1660. सिद्दी जौहरचा वेढा अजून उठलेला नाही. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. शेजारी अंधारबाव आहे. इथे एक मशाल पडली आहे. एक पहारेकरी तुमच्याकडे बघतोय.

> मशाल उचल

तुम्ही मशाल उचलली. ती भिजलेली आहे.

> पहारेकऱ्याशी बोल

हा ‘पहारेकरी’ कॉम्प्युटरने चालवलेला असेल, किंवा इचलकरंजीत बसलेला दुसरा खेळाडू. मजा तिथेच आहे.

सुरुवात कुठून झाली?

1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पहिला मड लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो वाढवला. 1990 च्या आसपास कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड बनवला. लेव्हल वाढवणे, पॉइंट मिळवणे, टोळी करून राक्षस मारणे हा साचा तिथून 1999 च्या एव्हरक्वेस्टसारख्या मोठ्या थ्रीडी गेममध्ये आला. आज तुम्ही मोबाइलवर ‘लेव्हल अप’ करता, त्याचं खापर-खापर-पणजोबांचं घराणं हेच.

हे गेम संपलेले नाहीत. 1997 मध्ये सुरू झालेला अकेया अजून ब्राउझरमधून खेळता येतो. आर्डवुल्फही चालू आहे. दृष्टिहीन खेळाडूंमध्ये मड खास लोकप्रिय आहेत, कारण सगळं मजकुरात असल्याने स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. थ्रीडी शूटिंग गेममध्ये ही सोय करणं महाअवघड.

तुमच्या डेटा पॅकचं गणित

देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतं. 500 चिन्हांचं खोलीचं वर्णन म्हणजे सुमारे दीड किलोबाइट. या हिशोबाने 1 जीबीमध्ये साडेसहा लाखांहून जास्त वर्णनं येतील. वर नेटवर्कचा थोडा खर्च धरा, तरी विषय संपला. स्वस्तातला फोन, घाटातलं तुटकं नेटवर्क, काहीही चालेल. सर्व्हरही महागडा लागत नाही.

मग मराठीत अडचण कुठे आहे?

इव्हेनिया नावाची पायथॉनमध्ये लिहिलेली ओपन सोर्स चौकट फुकट मिळते. खोल्या, खेळाडू, चॅट सगळं तयार आहे. कॉलेजात पायथॉन शिकलेल्या कुणालाही जमेल. अवघड भाग आहे मराठीचा, आणि इंजिनिअर म्हणून मला तोच सगळ्यात भारी वाटतो.

पहिली गोष्ट, वाक्याची रचना. इंग्रजी मडमध्ये आधी क्रियापद येतं, मग वस्तू. प्रोग्राम पहिला शब्द बघतो आणि कामाला लागतो. मराठीत उलटं: ‘दिवा उचल’. म्हणजे क्रियापद शेवटून शोधायला हवं.

दुसरी गोष्ट, सामान्यरूप. शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण झोपलो, ते इथे भरून काढायचं. वस्तूचं नाव ‘दिवा’, पण खेळाडू लिहिणार ‘दिव्याला वात लाव’. नाव ‘दरवाजा’, पण तो लिहिणार ‘दरवाज्यातून जा’. प्रोग्रामला ‘दिव्या’ म्हणजे ‘दिवा’च हे शिकवलं नाही, तर तो म्हणेल अशी वस्तू इथे नाही.

तिसरी गोष्ट तर डोळ्यांना दिसतही नाही. ‘पायऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. एका कीबोर्डवरून एक पद्धत येते, दुसऱ्यावरून दुसरी. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. एकाचं ‘पायऱ्या उतर’ चालेल, त्याच्या मित्राचं चालणार नाही आणि दोघेही गेमला शिव्या घालतील. उपाय सोपा आहे: आलेला मजकूर आधी एकाच पद्धतीत बदलून घ्यायचा. पण तो करावा लागतो.

आता हे फक्त गेमपुरतं नाही. मराठीतून चालणारं बँकेचं अॅप, सरकारी पोर्टलवरचा शोध, आवाजावर चालणारा मदतनीस, सगळीकडे हेच तीन प्रश्न येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण स्टेटस टाकले. पण मशीनला मराठीत हुकूम देता येणं हे काम घोषणेने होत नाही, कुणीतरी बसून कोड लिहावा लागतो. मड हा त्याचा सराव आहे आणि चुकलं तर कुणाचे पैसे बुडत नाहीत.

एआय असताना हे कशाला?

प्रश्न रास्त आहे. 2019 पासून एआय डंजनसारखे गेम आलेत. तुम्ही लिहाल त्यावर मॉडेल गोष्ट पुढे नेतं. फरक दोन आहेत. एक, मडमध्ये समोर खरी माणसं असतात. दोन, मडचं जग पक्कं असतं. तुम्ही मशाल नेली तर ती दुसऱ्याला सापडत नाही. एआय मात्र मधेच विसरतं की मशाल भिजलेली होती.

पण खरी माणसं म्हणजे खरा त्रासही. 1993 मध्ये लॅम्डामू या मजकुराच्या जगात एका खेळाडूने दुसऱ्यांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केले. ‘नुसता मजकूरच तर होता’ असं म्हणून तो विषय मिटला नाही. पुढे तिथे खेळाडूंच्या मतदानाने नियम ठरवायची पद्धत आणावी लागली. म्हणून गेम बनवत असाल, तर ब्लॉक आणि तक्रार ही दोन बटणं पहिल्या दिवसापासून द्या. खेळत असाल, तर खरं नाव, नंबर, शाळा-कॉलेज सांगू नका. जुने मड टेलनेटवर चालतात, त्यात पासवर्ड उघडा जातो, त्यामुळे दुसरीकडचा पासवर्ड तिथे वापरू नका.

आधी हे तपासा

कोणताही गेम घेताना तीन प्रश्न विचारा. भरलेल्या पैशांच्या बदल्यात पैसे जिंकायची आशा दाखवतो का? असेल तर तो मनी गेम, लांब राहा. त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची? आणि शेवटचा: यात मला काही बनवता येतं का, की फक्त बोट घासत बसायचं?

मड आवडला तर एका खोलीपासून सुरुवात करा. रंकाळ्याचा कठडा, महाद्वार रोड, भवानी मंडप, काहीही चालेल. पाच ओळींचं वर्णन, दोन वस्तू, तीन हुकूम. मग मित्राला लिंक पाठवा आणि तो काय टाइप करतो ते बघा. त्याने लिहिलेलं पहिलंच वाक्य तुमच्या प्रोग्रामला कळणार नाही. खरं काम तिथून सुरू होतं.