एका अक्षराची स्टेशनरी
परवा भाचीच्या वहीत ‘स्टेशनरी’भोवती लाल गोल दिसला. वह्या-पेनांची स्टेशनरी लिहिताना तिने ‘आर’आधी ‘ई’ऐवजी ‘ए’ घातला होता, आणि अर्थ झाला ‘जागचा न हलणारा’. उच्चार एकच, मग मुलांनी ओळखायचं कसं? एन्व्हलपचा ‘ई’ तोच कागदाच्या स्टेशनरीचा ‘ई’, ही खूण चांगलीच. पण त्यामागची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मध्ययुगीन युरोपात कितीतरी विक्रेते गावोगाव फिरत; विद्यापीठांजवळचे पुस्तकविक्रेते मात्र एका जागी दुकान थाटून बसत, म्हणून ते ‘स्टेशनर’. म्हणजे दोन्ही शब्द एकाच लॅटिन घरातले! हे ऐकून भाचीने खोडरबर मागितला आणि ‘ई’ इतका दाबून काढला, की मागच्या पानावर उमटला.