बट्टा कोणाच्या माथी? तगरपासून ई-रुपयापर्यंत

१/ धातू गेला, कागद आला. कागद चालला, डिजिटल चलन येत आहे. इतिहासाच्या नावाखाली ही शिडी समाजमाध्यमांवर वारंवार दाखवली जाते. वस्तुविनिमय, नाणे, नोट, संगणक. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून उंच, आणि शंका घेणारा तेवढा मागासलेला. प्रत्यक्षात अशी शिडी इतिहासात कधीच उभी नव्हती. एकट्या धाराशिव जिल्ह्याची दोन हजार वर्षे पाहिली तरी ती कोसळते.

२/ प्रारंभ तेरपासून करावा. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. तेथील साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदरात जाई. हे तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनांची नाणी आजही पाहता येतात.

३/ क्रिप्टोचलनाचे पुरस्कर्ते या काळाकडे मोठ्या प्रेमाने बोट दाखवतात. रोमचे सोने कोणत्याही दख्खनी राजाची परवानगी न घेता येत होते. म्हणून राज्यसत्तेविना चालणारे चलन हीच मूळ अवस्था, आणि बिटकॉइन म्हणजे तिचे पुनरागमन! परंतु पेरिप्लसचे तेच प्रकरण पुढे वाचावे. भडोचमध्ये सोन्याचांदीची परदेशी नाणी स्थानिक चलनात बदलताना नफा होतो, असे तो लेखक व्यापाऱ्यांना स्पष्ट सांगतो. सोने मुक्तपणे येत होते, पण ते मोडण्याचे ठिकाण ठरलेले होते. त्या ठिकाणी जे कापले जाते, त्याला मराठीत बट्टा म्हणतात.

४/ शिडीचा दुसरा खांब नाशिकच्या लेण्यांत मोडतो. नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात ३५ कार्षापणांस एक सुवर्ण असा दर देऊन ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असा हिशेब कोरला आहे. त्याच लेखात विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवल्याचे नमूद आहे. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज घ्यायचे. म्हणजे खात्यातला पैसा कागदी नोटेच्या कितीतरी आधीचा आहे. पायऱ्यांचा क्रमच उलटला!

५/ जोगळटेंभीचा साठाही याच बाजूने साक्ष देतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. चांदी तीच राहिली, मालक बदलला.

६/ आता या जिल्ह्याच्या अगदी अलीकडच्या आठवणीकडे. निजामाच्या उस्मानाबादेत शेतसारा भरला जाई तो ‘हाली शिक्क्या’त. सीमेपलीकडे, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या पेठेत, इंग्रजांचा रुपया चाले. मराठवाड्याच्या तोंडी तो ‘कलदार’. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. त्या रुळांवरून माल एका चलनाच्या मुलखातून दुसऱ्या चलनाच्या मुलखात जाऊ लागला. बार्शीत माल विकणाऱ्याच्या हाती कलदार पडे, आणि सारा भरण्यासाठी त्याला हाली लागे. मध्ये सराफ बसलेला.

७/ विसाव्या शतकातील ठरीव दर होता १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या भाषेत, ६ कलदारांस ७ हाली. या विचित्र दिसणाऱ्या आकड्याचे मूळ चांदीत आहे. इंग्रजी रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, हालीत सुमारे ९.१ ग्रॅम. भागाकार करून पाहावा; जवळजवळ तोच दर निघतो.

८/ तथापि खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही नाण्यांतील चांदी घटवली गेली. दर मात्र जागचा हलला नाही. म्हणजे तोवर तो चांदीचा दर उरलाच नव्हता, तो खजिन्याच्या खिडकीचा दर झाला होता. निजामाच्या कागदी नोटाही प्रगतीच्या ओढीने आल्या नव्हत्या. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली, कायदा झाला आणि १९१८ मध्ये नोटा निघाल्या. त्यांवर उर्दू, तेलुगू आणि कन्नडबरोबर मराठीतही किंमत छापलेली असे. (संग्राहकांनी ती नोट एकदा भिंगाखाली धरून पाहावी.)

९/ चलन हे सत्तेचे हत्यार कसे होते, हे पाहायचे तर १९४७ कडे जावे लागते. २९ नोव्हेंबरला हैदराबाद आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर थोड्याच काळात निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरवले. सीमेवरच्या गावांतील माणसाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेडकडील उमरीची बँक लुटली, तेव्हा लढ्यासाठी पैसा हवा होता हे खरे. पण निजामाच्या सत्तेचा एक आधार तिजोरीत असतो हेही त्यांना ठाऊक होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले, तरी हाली शिक्का एका रात्रीत गेला नाही. तो १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्याने बाद झाला.

१०/ बट्टा कोणावर बसतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या भाषेत स्पष्टपणे मांडणारे नाव महाराष्ट्राला परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलन किती काढायचे हे काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, हा त्यातला आग्रह. रुपयाचा विनिमय दर उतरला की व्यापारी वर्गाचा जो लाभ दिसतो, तो देशाचा लाभ नसून श्रमिकांच्या खिशातून काढलेला असतो, असेही त्यांनी प्रतिपादन केले. याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे १९४१ मध्ये ते वतनदार महार-मांगांच्या परिषदेला आले होते. डिजिटल चलनावर लिहिणारे उत्साही लेखक आंबेडकरांचे छायाचित्र लावतात. त्यांचा प्रश्न मात्र टाळतात.

११/ बिटकॉइनचा निकाल इथेच लावता येतो. त्याची कमाल संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे, हे त्याचे मोठे भूषण मानले जाते. पण बिटकॉइनने सारा भरता येत नाही, बियाणे घेता येत नाही. ते मोडावेच लागते. आणि मोडताना भारतात २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, शिवाय व्यवहाराच्या रकमेवर एक टक्का उद्गम करकपात. ज्याला राज्यसत्तेबाहेरचे चलन म्हणून मिरवले जाते, ते दर वेळी राज्यसत्तेच्याच खिडकीशी येऊन थांबते.

१२/ ई-रुपयाचा विचार मात्र गांभीर्याने करायला हवा, कारण तो खिडकीच्या आतून आलेला आहे. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन ‘बँक नोट’ या संज्ञेत डिजिटल रूपाचा समावेश झाला. १ नोव्हेंबर २०२२ रोजी घाऊक आणि १ डिसेंबरला किरकोळ व्यवहारांसाठी प्रयोग सुरू झाला. यूपीआयशी त्याची गल्लत करू नये. यूपीआयमध्ये सरकतो तो व्यापारी बँकेतील ठेवीचा पैसा. ई-रुपया हे थेट रिझर्व्ह बँकेचे देणे आहे, नोटेसारखेच, आणि नोटेसारखेच बिनव्याजी.

१३/ यात एक खरा लाभ आहे, तो मान्य केला पाहिजे. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंतच विमा. ई-रुपया बँकेबरोबर बुडत नाही. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. ज्या शेतकऱ्याचे एकमेव खाते तिथे होते, त्याची एकमेव खिडकीच बंद झाली. हातातली नोट खरी, खाते खरे, आणि तरीही दुसऱ्या बँकेची रांग. खिडकी जितकी थेट, तितका असा धोका कमी, असे म्हणण्यास जागा आहे.

१४/ पण नोटेसारखाच म्हणवणारा हा रुपया एका ठिकाणी नोटेपासून फारकत घेतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ई-रुपयाला ‘प्रोग्रॅमेबल’ करण्याची घोषणा केली. याचा अर्थ असा की पैसा कशासाठी, कुठे आणि किती मुदतीत खर्च व्हावा, हे पैशातच बांधता येते. अनुदान योग्य जागी पोहोचेल, हा त्याचा गौरव. हाली रुपयाने मात्र त्याच्या मालकाला तो कशावर खर्च करणार हे कधी विचारले नव्हते. खतासाठीच चालणारा रुपया दवाखान्यात चालत नसेल, तर दवाखान्याच्या दारात त्याचा बट्टा शंभर टक्के आहे.

१५/ म्हणून डिजिटल चलन यावे की न यावे, हा वाद फसवा आहे. ११६ रुपये १० आणे ८ पै हा दर निदान जाहीर होता. सराफाने कमी दिले तर किती कमी दिले हे शेतकऱ्याला मोजता येत होते. ई-रुपयावरील अटी कोण लिहिणार, त्या बदलताना कोणाला विचारणार, आणि तेरच्या बाजारात मोबाइलचे जाळे गेलेल्या दिवशी हाच रुपया कागदी नोटेत पुऱ्या किमतीला कोण बदलून देणार? शिडीची चित्रे काढणाऱ्यांनी आधी याची उत्तरे द्यावीत.